‘शेक’ देणाऱ्या यंत्राचं खरं नाव



मागच्या महिन्यात आपल्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी हळूच विचारलं, “मॅडम, माझ्या नणंदेला डॉक्टरांनी शेक घ्यायला सांगितला आहे. रोज नागपूरला जावं लागेल म्हणतात. शेक तर घरीही देता येतो. मग इतक्या लांब कशाला?” बैठकीत दोघी-तिघी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न आमच्या घरात विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर आम्ही चुकीचं दिलं होतं.

माझ्या मोठ्या जाऊबाईंची गोष्ट आहे. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, तरी त्यांना मधूनमधून रक्त जायचं. अंगावरून पांढरं जायचं, त्याला वास यायचा. त्या कोणाला बोलल्या नाहीत. कळलं तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली आणि तिथे कोणीतरी घाईघाईत सांगितलं, “पंचवीस शेक घ्यायचे आहेत, रोज एक.” एवढंच. शेक म्हणजे काय, कशाने देतात, पंचवीसच का, हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

नऊ शेक झाले आणि रोवणी आली. बांधीत पाणी, पऱ्हे तयार, मजूर मिळेना. जाऊबाई घरी आल्या त्या परत गेल्याच नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, “शेकच द्यायचा हाय न बाप्पा, मंग घरी काय इस्तो नाही?” मग चुलीतला इस्तो शेगडीत काढून, त्यावर रुईची पानं गरम करून रोज संध्याकाळी ओटीपोट शेकलं. मीच शेकलं. जाऊबाई म्हणायच्या, “बरं वाटते.” पुढच्या वर्षीच्या पोळ्याला त्या नव्हत्या.

पूर्ण उपचार घेतले असते तर त्या नक्की वाचल्या असत्या, असं मी छातीठोकपणे सांगत नाही. आजार बराच पुढे गेलेला होता. पण नऊवर थांबण्याचं कारण आजार नव्हता. कारण एक शब्द होता. ‘शेक’ या शब्दाने आम्हाला वाटलं की ही गरम करायची गोष्ट आहे. ती गरम करायची गोष्ट नाहीच. त्या बंद खोलीत जे यंत्र असतं, त्याचं खरं नाव काय आणि ते करतं काय, हे मी नंतर वाचत, विचारत, समजून घेत गेले. तेच आज सांगणार आहे. थोडं विज्ञान येईल, पण आपल्या खळ्यावरचं आणि डीपीजवळचंच येईल. घाबरू नका.

आधी डीपीबद्दल. गावाबाहेर खांबावर जी पेटी असते तिला आपण डीपी म्हणतो. ती सारखी घुमत असते. इंजिनीयर तिला ट्रान्सफॉर्मर म्हणतात. तिच्या आत लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा असतो आणि त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यात वीज सोडली की लोखंडात चुंबकाचा जोर वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो. या कमी-जास्त होणाऱ्या जोरामुळे दुसऱ्या वेटोळ्यात आपोआप वीज वाहायला लागते. दोन तारा एकमेकींना कुठे चिकटलेल्या नसतात, तरी एकीतला जोर दुसरीत जातो.

आता 1923 सालची गोष्ट. नॉर्वे देशाचा एक तरुण मुलगा जर्मनीत शिकत होता. रोल्फ विडेरो त्याचं नाव. त्याच्या मनात आलं की डीपीतलं दुसरं वेटोळं तांब्याचं कशाला हवं? तारेतून वाहतात ते शेवटी विजेचे अतिसूक्ष्म कणच, ज्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. तार काढून टाकली, तिच्या जागी हवा काढून घेतलेली एक गोल नळी ठेवली आणि त्या नळीत इलेक्ट्रॉन मोकळे सोडले, तर? चुंबकाचा जोर त्यांनाही ढकलेल. तार नाही म्हणजे अडथळा नाही. ते गोल गोल फिरत राहतील आणि प्रत्येक फेरीला थोडे जास्त जोरात धावतील. त्याने या कल्पनेला नाव दिलं ‘किरणांचा ट्रान्सफॉर्मर’. म्हणजे आपल्या भाषेत किरणांची डीपी!

नाव छान होतं, पण यंत्र काही चाललं नाही. 1927 च्या सुमारास त्याने ते आखेन गावच्या विद्यापीठात बांधून पाहिलं. इलेक्ट्रॉन नळीच्या भिंतीला जाऊन आपटायचे, फेरी पूर्णच करायचे नाहीत. धान चुरताना बैलांची पात कशी फिरते ते आठवा. मधल्या मेढीला दावं असतं म्हणून बैल खळ्याबाहेर जात नाहीत. दावं सैल झालं की बैल भरकटतो, फार आवळलं की मेढीलाच अडकतो. इलेक्ट्रॉनला दाव्यासारखं धरून ठेवायचं कामही चुंबकच करतो. पण ते दावं प्रत्येक क्षणाला किती सैल आणि किती घट्ट हवं, याचा पूर्ण हिशेब विडेरोला जमला नव्हता. पदवी तर घ्यायची होती. म्हणून त्याने दुसरंच यंत्र बांधलं, ज्यात कण गोल न फिरता सरळ नळीतून टप्प्याटप्प्याने धावतात. ते चाललं. या सरळ नळीची आठवण ठेवा, पुढे ती आपल्याला सेवाग्रामला भेटणार आहे.

गोल फिरणारं यंत्र चालवून दाखवलं ते अमेरिकेत, इलिनॉय विद्यापीठातल्या डोनाल्ड कर्स्ट या शास्त्रज्ञाने, 1940 च्या जुलै महिन्यात. दाव्याचा हिशेब त्याने रॉबर्ट सर्बर या सोबत्याबरोबर नीट बसवला. यंत्र लहानच होतं. इलेक्ट्रॉनची फेरी मोठ्या ताटलीच्या काठाएवढी. पण त्या ताटलीएवढ्या जागेत इलेक्ट्रॉन जवळजवळ 2 लाख फेऱ्या मारायचा. त्या फेऱ्या एका ओळीत मांडल्या तर 95 किलोमीटरच्या आसपास होतात. म्हणजे भंडाऱ्याहून निघून नागपूर ओलांडून बुटीबोरीपर्यंत. आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

प्रत्येक फेरीला मिळणारा धक्का किती? सरासरी अकरा-बारा व्होल्ट. टॉर्चचे आठ सेल एकापुढे एक लावले की जेवढा जोर होतो तेवढाच. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची असते, त्यापुढे हे काहीच नाही. पण आठ सेलांचा धक्का 2 लाख वेळा बसला की शेवटी इलेक्ट्रॉनच्या अंगात 23 लाख व्होल्टचा जोर येतो. एकदम 23 लाख व्होल्ट तयार करायला गेलं तर ठिणग्या उडून यंत्रच फुटलं असतं. म्हणून थोडं थोडं. बचत गटातल्या बायांना हे मी जास्त समजावून सांगायला नको. आपण महिन्याला वीस-वीस रुपयांनी सुरुवात केली होती, आठवतं ना?

पाचच वर्षांत, 1945 साली, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 10 कोटी व्होल्टचं असंच यंत्र बांधलं. त्यात इलेक्ट्रॉन अडीच लाख फेऱ्या मारायचा, दर फेरीला 400 व्होल्टचा धक्का. गुणाकार करून बघा, बरोबर 10 कोटी येतात.

आता नाव. कर्स्टने पहिल्यांदा आपल्या यंत्राला ‘प्रवर्तन-त्वरक’ या अर्थाचं अवघड नाव दिलं होतं. ते कोणाला आवडेना. मग त्यांच्या विभागात चक्क नाव सुचवण्याची स्पर्धा झाली. आपल्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते, तिकडे शास्त्रज्ञ लोक कागदावर नावं लिहून देत होते. एका जर्मन सोबत्याने थट्टेने एक नाव सुचवलं. मी ते एका दमात म्हणायचा प्रयत्न करते, हसू नका: आउसरऑर्डेंटलिखेहोखगेश्विंडिगकाइट्स-एलेक्ट्रोनेनएंटविकेल्न्डेस-श्वेरआर्बाइट्स-बायगोलीट्रॉन. दम लागला! त्याचा अर्थ साधारण असा: ‘अफाट वेगाचे इलेक्ट्रॉन तयार करणारं, अगं बाई, फारच कष्टाळू यंत्र’. या नावाचं बाळ शाळेत घातलं असतं तर हजेरी घेता घेता मधली सुट्टी झाली असती.

जिंकलं ते छोटं नाव, बीटाट्रॉन. त्यातला ‘बीटा’ हे ग्रीक मुळाक्षरांतलं दुसरं अक्षर. रदरफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाला 1899 साली युरेनियममधून दोन प्रकारचे किरण निघताना दिसले. ते नेमके काय आहेत हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्याने नुसतं पहिलं अक्षर आणि दुसरं अक्षर, अल्फा आणि बीटा, अशी नावं ठेवली. पुढे कळलं की बीटा किरण म्हणजे वेगाने धावणारे इलेक्ट्रॉनच. आणि ‘ट्रॉन’ हा ग्रीक भाषेतला शेवटचा तुकडा. ज्या साधनाने काम होतं ते साधन, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे लाटायचं ते लाटणं, चाळायची ती चाळणी, तसंच. भाषेचे अभ्यासक तर याहून गमतीची गोष्ट सांगतात. यंत्र, पात्र, शस्त्र या शब्दांच्या शेवटी जो संस्कृत ‘त्र’ आहे, तो आणि ग्रीक ‘ट्रॉन’ एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत. दोघी बहिणीच, एक इकडे नांदायला आली, एक तिकडे गेली. म्हणजे बीटाट्रॉनला सरळ मराठीत ‘बीटायंत्र’ म्हटलं तरी चूक नाही.

सगळ्याच यंत्रांची बारशी अशी थाटात झाली नाहीत. बीटाट्रॉनच्या आधी अर्नेस्ट लॉरेन्सने कण गोल फिरवणारं वेगळ्या पद्धतीचं यंत्र केलं होतं, सायक्लोट्रॉन. त्याची कल्पना त्याला विडेरोच्या त्या सरळ नळीचं चित्र पाहूनच सुचली होती. ‘सायक्लोट्रॉन’ हा आधी प्रयोगशाळेतल्या पोरांच्या बोलण्यातला शब्द होता. लॉरेन्सचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. शेवटी बोलीतलं नाव टिकलं. आपण नाही का, ट्रान्सफॉर्मरला डीपीच म्हणतो! बोलीतल्या नावाला माझा विरोध नाही. ते नाव दिशा चुकवत असेल तर मात्र विरोध आहे.

हे सगळं दवाखान्यात कसं पोहोचलं, ते आता सांगते.

एक्स-रेचा शोध 1895 मध्ये लागला आणि लगेच लोकांच्या लक्षात आलं की या किरणांनी गाठ आटते. पण तेव्हाच्या यंत्रांचा जोर कमी. एक-दोन लाख व्होल्टचे किरण कातडीतच जास्त जिरायचे. गाठ पोटात खोल आणि भाजायचं वरची कातडी. ‘शेकानं माणूस जळतो’ अशी जी भीती आपल्याकडे आजही आहे, तिचं मूळ त्या जुन्या काळात आहे, आणि त्या काळापुरती ती खोटीही नव्हती. किरणांचा जोर वाढला की कातडीवरचा मार कमी होतो आणि खोलवरच्या गाठीपर्यंत जास्त पोहोचतं. म्हणून डॉक्टरांना बीटाट्रॉन हवासा वाटला. धावून आलेले इलेक्ट्रॉन धातूच्या तुकड्यावर आपटवले की जोरदार एक्स-रे निघतात. 1940 नंतरच्या दशकाच्या शेवटी बीटाट्रॉनने रोग्यांवर उपचार सुरू झाले, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं युरोप-अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत बीटाट्रॉन होते. विडेरो स्वतः पुढे स्वित्झर्लंडमधल्या एका कंपनीसाठी रुग्णालयांचे बीटाट्रॉन बनवायचा. पोराने पाहिलेलं स्वप्न म्हातारपणापर्यंत पुरलं.

पण बीटाट्रॉन अवजड. डीपीसारखाच घुमायचा, फक्त कितीतरी मोठ्याने. आणि त्यातून किरण हळूहळू निघायचे, त्यामुळे रोग्याला बराच वेळ एका जागी पडून राहावं लागायचं. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी जोरदार लहरी तयार करण्याची विद्या शिकून झाली होती. त्या लहरींवर बसवून इलेक्ट्रॉनला सरळ तांब्याच्या नळीतून पळवणं सोपं झालं. म्हणजे विडेरोची ती पर्यायी, सरळ नळी! तिचं आजचं नाव लिनिअर अॅक्सिलरेटर, दवाखान्याच्या बोलीत ‘लिनॅक’. 1953 साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात तिच्यावर पहिला रोगी तपासला गेला, उपचार झाला, आणि नंतर बीटाट्रॉन एक-एक करून निघून गेले. आज तुम्ही बीटाट्रॉन शोधायला निघालात तर आपल्या भागातल्या दवाखान्यात तो सापडणार नाही. त्याची धाकटी बहीण सापडेल.

सेवाग्राम आपल्यापैकी अनेकींनी पाहिलं आहे. बापूंची कुटी पाहून झाली की सहलीची गाडी परत फिरते. पण तिथेच कस्तुरबा रुग्णालय आहे आणि डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू केलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यातल्या रोग्यांसाठीच ते उभं राहिलं. लिनॅक परदेशातून आणायचं तर किंमत कोट्यवधींत, मोडलं तर दुरुस्तीला माणूसही तिकडूनच. म्हणून मुंबईला पवईच्या आयआयटीच्या आवारात ‘समीर’ नावाची सरकारी संस्था आहे, तिथल्या लोकांनी देशी लिनॅक बनवलं. सुरुवातीच्या यंत्राचं नाव ‘जीवनज्योती’, ते चंदीगडला गेलं. पुढच्याचं नाव ‘सिद्धार्थ’. त्याचा जोर 60 लाख व्होल्ट, म्हणजे कर्स्टच्या पहिल्या बीटाट्रॉनच्या अडीचपटीहून थोडा जास्त. समीरच्या अशा यंत्रांपैकी एक सेवाग्रामला बसलं.

सिद्धार्थ! दुःख, आजार, म्हातारपण आणि मरण पाहून राजवाडा सोडून निघालेल्या राजपुत्राचं नाव. ज्याने कोणी हे नाव ठेवलं, त्याला मी मनातून नमस्कार करते. ‘पंचवीस शेक घ्या’ असं सांगण्याऐवजी आमच्या जाऊबाईंना कोणी ‘सिद्धार्थकडे पंचवीसदा जायचं आहे’ असं सांगितलं असतं, तर त्यांनी घरी इस्तो पेटवला नसता. निदान ‘हे काय असते?’ असं विचारलं तरी असतं.

आणखी एक नाव तुमच्या कानावर येईल, भाभाट्रॉन. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं यंत्र, होमी भाभांच्या नावाचं. शेवटी ‘ट्रॉन’ आहे म्हणून फसू नका. त्याच्या आत इलेक्ट्रॉनची शर्यत नसते. त्यात कोबाल्ट धातूचा एक खास तुकडा असतो. त्यातून किरण सतत, आपोआप निघत असतात. जाड आवरणाच्या पेटीत तो बंद असतो, उपचारापुरता समोर येतो आणि परत आत जातो. त्याचा जोर सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो, म्हणून तुकडा बदलावा लागतो. पण त्याला वीज कमी लागते आणि बिघाडही कमी होतात. वारंवार वीज जाणाऱ्या भागात हा मोठाच गुण आहे. लिनॅक चांगलं की कोबाल्ट, यावर भांडत बसू नका. डॉक्टर जे सांगतील ते पूर्ण करणं महत्त्वाचं.

आता त्या बंद खोलीत शिरू या. सगळ्यात जास्त भीती तिचीच असते.

रोग्याला टेबलावर झोपवतात, अंगावर आखलेल्या खुणा जुळवतात आणि सगळे बाहेर निघून जातात. जाड दार बंद होतं. बाईला वाटतं, इतकं भयंकर काही आहे की डॉक्टरही पळाले. मला एक बाई म्हणाली होती, “मले एकटीले आत टाकून सारे पळून गेले.” पळून जात नाहीत, ताई. तुम्हाला ते किरण औषध म्हणून मोजून द्यायचे असतात, तेही महिना-दीड महिना. बाहेर उभा असलेला माणूस तिथे वर्षानुवर्षं रोज तीस-चाळीस रोग्यांसाठी काम करतो. त्याला आजार नाही, मग त्याने औषध का खावं? म्हणून भिंती चांगल्या जाड काँक्रीटच्या असतात. बाहेरून ते तुम्हाला कॅमेऱ्यात पाहत असतात. बोललात तर त्यांना ऐकू जातं. त्रास झाला तर हात वर करा, यंत्र थांबवून आत येतात.

आत काहीच जाणवत नाही. गरम लागत नाही, शॉक लागत नाही, दुखत नाही. एक्स-रे काढताना काय जाणवतं? तेवढंच. यंत्र तुमच्याभोवती फिरेल, घरघर ऐकू येईल, आणि थोड्याच मिनिटांत काम होतं.

आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना ऐकवा, विशेषतः सासूबाईंना आणि नवऱ्याला. लिनॅकचं बटण बंद केलं की किरण बंद. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का? तसंच अंगात काही उरत नाही. कोबाल्टचा तुकडाही पेटीत परत गेला की संपलं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरच्या उपचारानंतर आतूनही किरण देतात. तिथेही सहसा नळीतून आत नेलेला किरणांचा तुकडा काम झाल्यावर परत काढून घेतात. घरी आलेली बाई नातवाला मांडीवर घेऊ शकते, स्वयंपाक करू शकते, सगळ्यांच्या ताटात वाढू शकते. मी डोळ्यांनी पाहिलं आहे, शेक घेऊन आलेल्या बाईचं ताट-पेला वेगळं, अंथरूण पडवीत. कॅन्सर शिवल्याने लागत नाही आणि तिच्या अंगातून किरणही निघत नाहीत. तिला पडवीत टाकणाऱ्यांनी हे ऐकावं.

पंचवीसच का, एकदम का नाही? कर्स्टच्या आठ सेलांसारखंच, थोडं थोडं. एकदम सगळे किरण दिले तर गाठीबरोबर चांगलं अंगही मरेल. रोज थोडे दिले तर चांगल्या पेशी रात्रीतून सावरतात. कॅन्सरच्या पेशींना तसं नीट सावरता येत नाही. त्या रोज थोड्या खचत जातात. पण मध्ये आठ-पंधरा दिवसांची सुट्टी दिली तर त्यांनाही सावरायला, वाढायला वेळ मिळतो. अर्ध्या बांधीचं निंदण करून घरी बसलं तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये आतले-बाहेरचे सगळे किरण मिळून साधारण आठ आठवड्यांत पूर्ण व्हावेत, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. रोवणी मध्ये आली तर रोवणी गटाने वाटून घ्यावी. मी उगाच म्हणत नाही. आमच्या गटाने दोन वर्षांपूर्वी एकीची दीड एकराची रोवणी करून दिली, आणि ती एक दिवस न चुकवता जाऊन आली.

त्रास होतो का? होतो, लपवणार नाही. थकवा येतो, भूक मंदावते. पोटावर किरण असतील तर जुलाब होतात, लघवीला जळजळतं. जिथे किरण पडतात तिथली कातडी काळवंडते. डोक्यावर किरण नसतील तर त्याने डोक्याचे केस जात नाहीत. केस जातात ते बहुतेक काही औषधांनी, ती गोष्ट वेगळी. अंगावरच्या खुणा घासून पुसू नका. त्या जागी तेल, हळद, बाम, काहीही मनाने लावू नका, आणि आमच्यासारखं शेकू तर अजिबात नका. किरणांनी नाजूक झालेल्या कातडीवर इस्त्याचा शेक म्हणजे पोळणं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जाऊबाईंच्या पोटावरचे ते काळे डाग मला अजून दिसतात.

खर्चाचं बोलते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून आधीच विचारा. उपचार सुरू झाल्यावर नाही, आधी. रेल्वेच्या तिकिटात कॅन्सरच्या रोग्याला सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. राहायची सोय, धर्मशाळा आहे का, हेही तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांना काय विचारायचं? यंत्र कोणतं, लिनॅक की कोबाल्ट? एकूण किती दिवस? एखादा दिवस चुकला, यंत्र बंद पडलं किंवा गाडी चुकली, तर कोणाला फोन करायचा? ही उत्तरं कागदावर लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर सोबत शाळेत जाणारी नात घेऊन जा. नातीला हे सगळं आपल्यापेक्षा लवकर समजतं.

आणि कागदावर नुसतं ‘शेक’ लिहू देऊ नका. ‘किरणोपचार’ म्हणा. जिभेला जड वाटत असेल तर ‘किरण’ म्हणा. ‘मी किरण घ्यायला चालली’ असं म्हटलं तर घरी इस्तो पेटवायचं कोणाला सुचणार नाही.

ज्या ताईंनी बैठकीत प्रश्न विचारला होता, त्या आणि त्यांची नणंद परवा मला भेटल्या. अकरा झाले आहेत, चौदा उरले आहेत. नणंदेने यंत्राचं नाव विचारलं होतं. तिथल्या मुलाने कंपनीचं कुठलं तरी इंग्रजी नाव आणि एक नंबर सांगितला, तो तिच्या लक्षात राहिला नाही. ती म्हणाली, “आत काय पयते म्हणून त्याले विचारलं, तर म्हणाला इलेक्ट्रॉन पळतात आजी, सरळ नळीतून. मी म्हटलं, पळू दे.”

सोमवारी तिची बारावी पाळी आहे. सकाळच्या गाडीला गटातली एक जण सोबत जाणार आहे, तिचं नाव अजून ठरायचं आहे. ज्यांना जमेल त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.